खोडीची म्हैस विकण्याआधी

प्रश्न: पुण्यातली नोकरी सोडून बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात गावी परतलो आहे. गोठ्यात एक म्हैस, एक संकरित गाय, चार शेळ्या आणि डझनभर गावठी कोंबड्या आहेत. म्हैस फक्त आईला दूध देते. आई चार दिवस हुबळीला मावशीकडं गेली तर म्हैस तांब्याभर दुधावर आली. गाय भिंत चाटते, परवा माझी चप्पल चघळत होती. नवीन आणलेल्या शेळीला बाकीच्या तिघी मारतात. कोंबडा पहाटे साडेतीनलाच आरवतो. गावातले म्हणतात, सगळी खोडीची जनावरं गळ्यात पडलीत, विकून टाक. काय करू?

उत्तर: काहीही विकू नका. म्हैस तर अजिबात नाही. एका माणसाला का होईना, पण पान्हा सोडणारी म्हैस चांगलीच असते. दुसऱ्या माणसाची तिला सवय लावायची असते, एवढंच.

मी बत्तीस वर्षं जनावरांच्या दवाखान्यात काढली. निम्मी नोकरी खानापूर, बेळगाव भागात, निम्मी हुक्केरी, चिक्कोडीकडं. ‘खोडीचं जनावर’ म्हणून माझ्याकडं जेवढी आणली गेली, त्यातली खरोखर खोडील हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. बाकीच्यांचं काहीतरी दुखत होतं, काहीतरी कमी पडत होतं, नाहीतर जनावर आपल्या जातीच्या रीतीनंच वागत होतं आणि मालकाला ती रीत ठाऊक नव्हती. ‘खोड’ हा मुळात बाजारातला शब्द. हेडी, म्हणजे जनावरांचा दलाल, तो भाव पाडायला वापरतो. तुम्ही गोठ्यात तो वापरू नका.

आता म्हैस. कासेत दूध असतं आणि तरी येत नाही, हे कसं, ते आधी समजून घ्या. दूध कासेत वरच्या बाजूला बारीक बारीक पिशव्यांत तयार होतं. धार काढायची वेळ झाली की मेंदूच्या तळाशी असलेल्या एका ग्रंथीतून ऑक्सिटोसिन नावाचं द्रव्य रक्तात सुटतं, ते कासेपर्यंत पोचतं आणि त्या पिशव्या आवळून दूध खाली ढकलतं. हाच पान्हा. गाईच्या कासेत सडाच्या वर बऱ्यापैकी पोकळी असते आणि दोन धारांच्या मधल्या वेळात काही दूध तिथं आपोआप उतरून राहतं. म्हणून गाय बिथरली तरी थोडं दूध मिळतं. म्हशीची ती पोकळी अगदी लहान. तिचं जवळजवळ सगळं दूध वर अडकलेलं. पान्हा नाही तर दूध नाही. शिवाय सडाच्या तोंडाचा स्नायूही गाईपेक्षा घट्ट, म्हणून नवख्या माणसाचा हात दुखतो, तो ओढाताण करतो, म्हशीला ते लागतं, आणि पुढचं सगळं बिघडतं.

कारण भीती वाटली, दुखलं, अनोळखी माणूस दिसला की रक्तात दुसरंच द्रव्य सुटतं, ॲड्रेनलिन. ते पान्हा जागच्या जागी थांबवतं. म्हैस दूध ‘चोरते’ असं आपण म्हणतो, पण चोरायला तिच्या हातात काही नसतं. तुम्ही रागानं एक रट्टा दिलात की त्या धारेचं दूध गेलंच समजा.

पान्हा कशानं सुटतो? रेडकाच्या ढुशीनं, कास कोमट पाण्यानं धुतल्यानं, आंबोणाच्या (भिजवलेल्या खुराकाच्या) पाटीच्या वासानं, चरवीच्या आवाजानं. म्हणजे निम्मं काम कातडीला होणाऱ्या स्पर्शाचं आणि निम्मं सवयीचं. तुमची आई धारेला बसते तेव्हा काय काय होतं ते एक दिवस नुसतं बाजूला उभं राहून बघा. बांगड्या वाजतात, तिच्या पदराला चुलीच्या धुराचा वास असतो, ती म्हशीशी काहीतरी बोलते, ठरावीक बाजूनंच येते, ठरावीक सडापासून सुरुवात करते. म्हशीच्या लेखी हे सगळं मिळून ‘धार’. त्यातलं काहीच नसताना तुम्ही जीन्स घालून, मोबाईलची बॅटरी लावून बसलात तर ती गोंधळणारच.

जांबोटीकडच्या एका वाडीत एक गृहस्थ बायकोचं जुनं लुगडं अंगावर घेऊन धारेला बसायचे. अख्खी वाडी हसायची. मीही हसलो, खोटं कशाला बोलू. पण त्यांची चरवी भरायची. जनावराचं नाक आपल्यापेक्षा कितीतरी पटीनं तिखट, आणि लुगड्याचा वास ओळखीचा. रेडकू मेलं की त्याच्या कातड्यात पेंढा भरून म्हशीपुढं ठेवायची जुनी रीत याच तत्त्वावर होती. आई आपल्या पिलाला व्याल्यानंतर चाटता चाटता वासानंच ओळखायला शिकते.

याच्या उलटं उदाहरण कोल्हापूरला जाऊन बघा. लांब तलवारीसारख्या शिंगांची पंढरपुरी म्हैस. कोल्हापुरात गवळी ती रस्त्यावर आणून गिऱ्हाइकासमोर धार काढून देतात. गाड्यांचे हॉर्न, माणसांची गर्दी, रेडकू जवळ नाही, आणि एकाच म्हशीची थोडी इथं, थोडी तिथं अशी धार. तरी ती देते. जातीचा शांतपणा आहे, पण लहानपणापासूनची सवयही आहे. आपल्या बेळगावात दिवाळीच्या पाडव्याला गवळी मंडळी म्हशी सजवून पळवतात, तेव्हा त्या गर्दीत म्हैस आपल्या मालकाच्या हाकेमागं कशी धावते ते बघितलं असेलच. म्हैस मठ्ठ म्हणणाऱ्यांनी तो एक पाडवा बघावा.

हाकेवरून आठवलं. सीमाभागातली एक गंमत सांगतो. हुक्केरीकडून कानडी घरातली म्हैस मराठी गावात आणली की पहिले आठ दिवस मालक तक्रार करतो, म्हैस बहिरी आहे. बहिरी कसली! ‘बा बा’ म्हटल्यावर येणारी आणि ‘निल्ल’ म्हटल्यावर थांबणारी ती. तुम्ही ‘ये गं’ म्हणता. एकदा एका बाईंनी मला हीच तक्रार सांगितली. मी दारातूनच कानडीत हाक मारली, म्हशीनं कान टवकारून माझ्याकडं बघितलं. बाई म्हणाल्या, “अय्या, हिला आता मराठी शिकवायला पायजे की!” पंधरा दिवसांत शिकली. जनावर शब्द ओळखत नाही, त्याचा नाद आणि आपला सूर ओळखतं. विकत घेताना जुन्या मालकाला ‘हाक काय मारता’ हे नक्की विचारा. दुधाचा आकडा तर सगळेच विचारतात.

एक कळकळीचं सांगणं. आई नसताना दूध मिळावं म्हणून कुणी पान्ह्याचं इंजेक्शन सुचवेल. रोजचं ते इंजेक्शन टोचू नका. म्हशीला त्याचीच सवय लागते, मग रेडकाच्या ढुशीनंही ती पान्हा सोडत नाही. अशा म्हशी मी बघितल्यात. सुईची चाहूल लागल्याशिवाय दूध नाही, आणि सुई बघितली की अंग शहारतं.

तुमच्या पुढच्या प्रश्नाचं उत्तर आत्ताच देऊन ठेवतो, कारण तो येणारच: ‘म्हैस माजावर येत नाही.’ येते. मुका माज असतो. गाय हंबरते, दुसऱ्या गाईवर चढते, अख्ख्या गल्लीला कळतं. म्हैस बहुतेक वेळा रात्री किंवा पहाटे माज दाखवते, तोही थोडासा: वारंवार लघवी, थोडी अस्वस्थता, सोट (योनीतून येणारा चिकट स्राव), अचानक घटलेलं दूध. उन्हाळ्यात तर त्याहून कमी. दिवस लहान होऊ लागले, दसरा-दिवाळीच्या पुढं, की माज ठळक होतो. काळं कातडं आणि घामाच्या ग्रंथी गाईच्या मानानं फारच कमी, त्यामुळं ऊन तिला सोसत नाही. म्हणून ती चिखलात लोळते. अंगावरचा ओला चिखल हळूहळू वाळत उष्णता काढून घेतो, वर गोमाश्याही दूर राहतात. डोह-डबकं नसेल तर उन्हाळ्यात दुपारी दोनदा अंगावर पाणी मारा. रेड्याकडं असताना एक पाहाल: रेडा म्हशीचं मूत हुंगून मान वर करतो आणि वरचा ओठ दुमडून ‘हसतो’. तो हसत नसतो. टाळूत एक वेगळं वास घेणारं इंद्रिय असतं, तिथं तो वास ओढून घेतो आणि म्हैस माजावर आहे का ते तपासतो. आमच्या खात्यात कुठल्याही यंत्रापेक्षा त्याच्या ओठावर माझा जास्त भरवसा होता.

आता गाय. भिंत चाटणं आणि चप्पल चघळणं ही दोन्ही खोड नाही, ती तक्रार आहे. तुमच्याकडं जांभी माती आणि धो धो पाऊस. अशा मातीतल्या गवतात फॉस्फरस कमी असतो. तो कमी पडला की जनावर हाडं, कातडं, चिंध्या, माती काहीही तोंडात घेतं. मीठ कमी पडलं तर भिंत चाटतं, एकमेकींचं मूत पितं. रोज पन्नास ग्रॅम चांगलं खनिज मिश्रण आणि मूठभर मीठ आंबोणात द्या, शेण तपासून जंताचं औषध द्या, महिन्या-दीड महिन्यात फरक दिसेल. तोवर चपला उंचावर ठेवा.

चपलेवर मी उगीच जोर देत नाही. गाईला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात हे पुष्कळांना माहीत नसतं. दूध पिऊन आयुष्य गेलेल्यांनाही. तिथं नुसती कडक हिरडी. जिभेचा विळखा घालून ती घास तोडते आणि न चावता गिळते, चावायचं काम मागाहून, निवांत रवंथ करताना. शेळीसारखी ओठांनी निवड करत नाही. त्यामुळं कडब्यात तारेचा तुकडा, खिळा, प्लॅस्टिकची पिशवी आली तर तीही आत जाते. तार पोटाच्या दुसऱ्या कप्प्यात अडकते आणि त्याच्या अगदी पुढंच काळीज, म्हणजे हृदय, असतं. पोट हललं की तार टोचत टोचत काळजापर्यंत जाते. कोपरं बाहेर काढून उभी राहणारी, उतारावर उतरायला कां-कूं करणारी, दात खाणारी गाय मी बघितली की मनातून चरकायचो. बांधकाम चालू असलेल्या घराच्या शेजारचा गोठा असेल तर जास्त जपा.

गाय आजारी आहे हे कळायला थर्मामीटर नंतर, आधी रवंथ. धडधाकट गाय दिवसाचे सहा ते आठ तास रवंथ करते. बसलेल्या, डोळे अर्धवट मिटलेल्या गाईचं तोंड हलत असेल तर निम्मी काळजी मिटली. रवंथ बंद, नाकपुडीवरचे घामाचे दव गेलेले, कान गार: डॉक्टरांना फोन करा, सोमवारची वाट बघू नका.

आणखी एक गोष्ट, जी गोठा बांधताना गवंड्याला सांगावी लागते. गाय उठताना आधी मागचे पाय उचलते, घोडा आधी पुढचे. मागचे पाय उचलण्यासाठी गाय गुडघ्यांवर भार टाकून डोकं चांगलं हातभर पुढं झोकते. गव्हाणीची भिंत नाकाला चिकटून असेल तर तिला झोकायला जागाच नसते. मग ती कुत्र्यासारखी बसून राहते, धडपडते, सड तुडवून घेते, आणि आपण म्हणतो गाय आळशी.

आणि गाईकडं मागून जाऊ नका. डोळे बाजूला असल्यानं तिला जवळजवळ चारी दिशांचं दिसतं, वर्तुळाच्या ३६० अंशांपैकी सुमारे ३३०. पण बरोबर पाठीमागचा पट्टा आणि नाकासमोरचा थोडा भाग आंधळा. तिथून अचानक हात लागला की लाथ बसते. खांद्याच्या बाजूनं, बोलत बोलत जा. लाल रंग बघून बैल बिथरतो म्हणतात, ते मात्र सगळं झूट आहे; गाई-बैलांना लाल रंग आपल्यासारखा वेगळा दिसतच नाही. आपल्या भागात ज्येष्ठी पौर्णिमेच्या कर्नाटकी बेंदराला बैल गुलालानं माखून निघतो आणि शांत उभा असतो, बिथरतो तो हलगीनं आणि फटाक्यांनी.

गाय पुढं व्याली तर दोन गोष्टी. वार पडल्याशिवाय वासराला चीक पाजायचा नाही ही समजूत आपल्याकडं फार घट्ट आहे, आणि तिनं किती वासरं खाल्ली असतील देव जाणे. माणसाच्या बाळाला आईची रोगप्रतिकारशक्ती पोटातच मिळू लागते, वासराला पोटात काहीच मिळत नाही. ती सगळी चिकात. आणि ती शोषून घ्यायचं वासराच्या आतड्याचं दार तासागणिक मिटत जातं, चोवीस तासांत बंद. पहिल्या तासा-दोन तासांत पाजा. वासरू लुचलं की तेच ऑक्सिटोसिन सुटतं आणि त्यानं गर्भाशय आवळून वार पडायलाही मदतच होते. दुसरी गोष्ट, जुळं झालं आणि त्यात एक खोंड, एक कालवड असेल तर त्या कालवडीवर गाभण राहील म्हणून खर्च करू नका. पोटात दोघांचं रक्त एकमेकांत मिसळतं, खोंडाच्या परिणामानं अशा शंभर कालवडींतल्या नव्वदहून जास्त वांझ निघतात. शेळीच्या जुळ्यांना हा नियम सहसा लागू नाही, ती बिनधास्त वाढवा.

शेळ्यांचं सोपं आहे. कळपात कुणी पुढं, कुणी मागं हे ठरलेलं असतं; चौथी आली की ते पुन्हा ठरवावं लागतं. शेळी मागच्या पायांवर उभी राहून वरून टक्कर देते, मेंढा मागं सरून धावत येऊन. हे भांडण आठवडाभरात मिटतं. तोवर नवीनला एकदम त्यांच्यात सोडू नका, मधे जाळी ठेवून दोन दिवस नुसतं दिसू द्या, आणि पाला एकाच ठिकाणी न टाकता दोन-तीन ठिकाणी उंचावर टांगा. शेळी जमिनीवर पडलेला, तुडवलेला पाला खात नाही; तिचे नखरे नव्हेत, वर मान करून झुडपं खाणारी जात आहे ती. हौस म्हणून तिच्या डोळ्यांकडं बघा. बाहुली आडवी चिरेसारखी असते, आणि तिनं चरायला मान खाली घातली की डोळा खोबणीत फिरतो, चीर जमिनीला समांतरच राहते. लांडगा कुठल्या बाजूनं येतो ते चरता चरता दिसायला हवं ना.

मेंढरं तुमच्याकडं नाहीत, पण धनगर शेतात मेंढरं बसवायला येतात तेव्हा ‘मेंढरासारखे’ म्हणून कुणाला हिणवण्याआधी एक ऐका. इंग्लंडात केंब्रिजजवळच्या बाब्राहम संस्थेत २००१ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात मेंढ्यांनी दुसऱ्या पन्नास मेंढ्यांचे चेहरे दोन वर्षांहून जास्त काळ लक्षात ठेवले. मला माझ्या नोकरीतले पन्नास साहेब आठवत नाहीत.

राहिला कोंबडा. ‘कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही’ असं आपण म्हणतो. जपानी संशोधकांनी २०१३ मध्ये कोंबडे सतत मंद उजेडात ठेवून बघितले, तरी ते रोजच्या वेळेला आरवत राहिले. घड्याळ त्यांच्या अंगातच असतं, आणि ते उजाडण्याच्या सुमारे दोन तास आधी वाजतं. साडेतीन म्हणजे तो थोडासाच आगाऊ आहे. अंगणातला दिवा रात्रभर जळत असेल तर तो बंद करून बघा. दोन-तीन कोंबडे असले तर सगळ्यात आधी आरवायचा मान वरचढ कोंबड्याचा. कोंबड्यांतली ही चोची मारायची उतरंड १९२१ च्या सुमारास नॉर्वेच्या थोर्लाइफ श्येल्डरुप-एब्बे यांनी लिहून ठेवली, पण आपल्या आज्ज्यांना ती आधीच माहीत होती: नवीन कोंबडी रात्री अंधार पडल्यावर खुराड्यात सोडायच्या, सकाळी भांडण कमी. कोंबड्या मातीत लोळतात ते पिसवा आणि पिसांतलं जादा तेल काढायला. कोरड्या राखेची एक पाटी ठेवा. खानापूरच्या पावसाळ्यात कोरडी माती कुठून मिळणार त्यांना.

आता पुन्हा म्हैस, कारण खरी अडचण तिचीच आहे. आईला परत हुबळीला जायचं असेल तर पंधरा दिवस आधीपासून लागा. पहिले चार दिवस आई धार काढेल, तुम्ही शेजारी बसून म्हशीची पाठ खाजवा आणि आंबोणाची पाटी तुमच्या हातानं ठेवा. मग कास धुवायचं काम तुमचं. मग मागचे दोन सड तुमचे, पुढचे आईचे. अंगठा दुमडून ओढू नका, पूर्ण मुठीनं पिळा. दुमडलेल्या अंगठ्यानं सडाला आतून इजा होते. रेडकू सोडल्यावर दोन मिनिटं धीर धरा, सड गच्च भरलेले दिसले की बसा आणि पाच-सात मिनिटांत उरका, कारण पान्ह्याचा जोर तेवढाच टिकतो. वेळ रोज तीच, जागा तीच, चरवी तीच. फोन घरात.

आणि एवढं करूनही पान्हा कमीच वाटला तर म्हशीच्या आधी रेडकाला बघा. म्हशीच्या दुधातून रेडकाच्या पोटात मोठे गोल जंत जातात, पहिल्या महिन्यातच. पोट सुटलेलं, केस राठ, शेण पातळ आणि पांढुरकं असलेलं रेडकू नुसतं सड तोंडात धरून उभं राहतं, ढुशीच मारत नाही. त्याला दहाव्या दिवसाच्या सुमारास जंताचं औषध दिलं होतं का, हे आईला विचारा आणि मला कळवा.